एफएएल, एसकेएस, एकेएम, एम१६: चार लष्करी रायफली आणि त्यांचे वर्ग

रायफलीच्या परीक्षणात वजन, अचूकता आणि भरवसा हे नेहमीचे मुद्दे असतात. इथे त्यांच्या आधी आणखी एक प्रश्न घेतला आहे: ही रायफल ज्या वर्गात धरतात त्या वर्गात ती खरोखर बसते का, आणि ते तिच्या कुठल्या भागावरून सांगता येतं? वर्गाचं नाव म्हणजे शिपायाला दिलेला शब्द असतो. ‘असॉल्ट रायफल’ म्हटलं की तीनशे मीटरपर्यंत एकेक गोळी नेमावर लागली पाहिजे आणि जवळच्या चकमकीत सलग फैरी झाडतानाही नळी ताब्यात राहिली पाहिजे. ‘बॅटल रायफल’मध्ये पल्ला याहून जास्त मिळतो, पण सलग फैरींची आशा जवळपास सोडावी लागते. हा शब्द पाळला गेला नाही तर दोष रायफलीचा की चुकीच्या नावाचा, हे आधी ठरवायला हवं. मग बाकीचं परीक्षण.

निवडलेल्या चारही रायफली वर्गांच्या सीमेवरच्या किंवा वर्गाचा नमुना ठरलेल्या आहेत.

आधी काडतूस बघा

वर्ग ओळखायला लोक मूठ, दस्ता, काळा रंग, वरची रेल बघतात. यातलं काहीही वर्ग ठरवत नाही. तपासायच्या गोष्टी चार आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा: काडतूस कुठलं, सिलेक्टर (फैरीचा प्रकार निवडायचा खटका) काय करू देतो, मॅगझिन सुटं निघतं का, आणि परिणामकारक पल्ला किती. असॉल्ट रायफलीसाठी उत्तरं अशी हवीत: काडतूस मधल्या ताकदीचं, एकेक गोळी आणि सलग किंवा बर्स्ट (चाप एकदा ओढला की ठरावीक दोन-तीनच गोळ्या) असे दोन तरी पर्याय, सुटं निघणारं मॅगझिन, आणि निदान तीनशे मीटरचा पल्ला. चारांपैकी एक जरी चुकलं तरी रायफल दुसऱ्या खणात जाते.

काडतुसांचे ढोबळ तीन गट पडतात. नावातला पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) लांबीचा. पिस्तूल आणि सबमशीनगनच्या ९ × १९ मिमी काडतुसाची ऊर्जा नळीच्या तोंडाशी साधारण ५०० जूल. पूर्ण ताकदीच्या रायफल काडतुसाची, म्हणजे ७.६२ × ५१ मिमी नाटोची, ३,३०० ते ३,५०० जूल. ब्रिटिश .३०३, जर्मन ७.९२ × ५७ आणि रशियन ७.६२ × ५४ आर ही जुनी काडतुसंही याच घरातली. मधल्या गटात दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन ७.९२ × ३३ सुमारे १,९०० जूलचं, सोव्हिएत ७.६२ × ३९ सुमारे २,००० जूलचं, ५.५६ × ४५ सुमारे १,७५० जूलचं आणि ५.४५ × ३९ सुमारे १,३५० जूलचं. मधली ताकद कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याचा जगभर मान्य असा एकच लेखी आकडा नाही. म्हणूनच सीमेवरच्या रायफलींवर वाद होतात.

नुसत्या जूलवर विसंबलं तर फसगत होते, कशी ते एका जोडीत दिसतं. अमेरिकेच्या एम२ कार्बाइनमध्ये सिलेक्टर आहे, ३० गोळ्यांचं सुटं मॅगझिन आहे आणि वजन अडीच किलोच्या आसपास. तिच्या .३० कार्बाइन काडतुसाची ऊर्जा सुमारे १,३०० जूल, म्हणजे सोव्हिएत एके-७४ रायफलीच्या ५.४५ × ३९ इतकीच. कागदावर दोघी शेजारणी वाटतात. पण कार्बाइनची गोळी ७.१ ग्रॅमची, गोल नाकाची, सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास सुटणारी. ५.४५ ची गोळी साडेतीन ग्रॅमच्या आतली, टोकदार, ९०० मीटरच्या आसपास सुटणारी. गोल नाकाची गोळी हवेत लवकर मंदावते आणि दोनशे मीटरनंतर इतकी खाली येऊ लागते की नेमाचा अंदाज बदलत राहावा लागतो. टोकदार गोळीचा मार्ग तीनशे मीटरपर्यंत बराच सपाट राहतो. एम२ कार्बाइन चौथ्या प्रश्नावर अडते, म्हणून बहुतेक जाणकार तिला असॉल्ट रायफल मानत नाहीत. आम्हीही नाही.

रायफल समोर असेल तर काडतूस ओळखायची एक सोपी खूण आहे. (हातात घेताना मॅगझिन काढा, नळी मागून बंद करणारा बोल्ट मागे ओढा, काडतूस बसतं ते चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानं चाचपा. हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.) मॅगझिनच्या तोंडाची मागून पुढची लांबी बघा. ७.६२ × ५१ काडतुसाची पूर्ण लांबी ७१ मिमी, तर ५.५६ × ४५ आणि ७.६२ × ३९ ची ५६-५७ मिमी. हा दीड सेंटिमीटरचा फरक मॅगझिनवर आणि रिसीव्हरवर (यंत्रणा धरणाऱ्या मधल्या सांगाड्यावर) लगेच दिसतो. मॅगझिनचा बाकही बोलका असतो. ७.६२ × ३९ ची पुंगळी तळापासून तोंडाकडे बरीच निमुळती होत जाते, त्यामुळे तीस काडतुसं एकावर एक रचली की रास वळते आणि मॅगझिन केळ्यासारखं वाकडं करावं लागतं. ७.६२ × ५१ ची पुंगळी एवढी निमुळती नाही. तिचं वीस गोळ्यांचं मॅगझिन सरळच चालतं.

एफएएल: उत्तम रायफल, सिलेक्टरचा तिसरा टप्पा वाया

काडतूस बदललं की वर्ग बदलतो, याचं एफएएलइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. बेल्जियमच्या एफएन कारखान्यात द्यूदोने सेव्ह यांनी तिचा पहिला नमुना जर्मन ७.९२ × ३३ काडतुसासाठी केला. पुढे ब्रिटिश .२८० काडतुसासाठीही नमुने झाले. ती त्याच रूपात सेवेत आली असती तर आज तिची गणना असॉल्ट रायफलींत झाली असती. पण १९५४ साली नाटोनं ७.६२ × ५१ हे प्रमाण काडतूस ठरवलं आणि रायफल त्याच्या मापानं वाढवावी लागली. मागून खाली झुकून कुलुपात बसणारा बोल्ट तोच, नळीच्या वरचा वायूचा दट्ट्या तोच. वर्ग तेवढा बदलला. ‘बॅटल रायफल’ हा शब्द नेमक्या या अर्थानं मागाहून रूढ झाला: पूर्ण ताकदीचं काडतूस, आपोआप पुन्हा भरणारी यंत्रणा, सुटं मॅगझिन. यात सिलेक्टर असो वा नसो, वर्ग बदलत नाही.

रिकामी एफएएल सव्वाचार किलोच्या आसपास, नळी ५३३ मिमी, मॅगझिन वीस गोळ्यांचं. एकेक गोळीच्या कामात तिला नाव ठेवायला जागा कमी. चारशे-पाचशे मीटरवर ती ज्या सहजपणे काम करते, तसं पुढच्या तीनपैकी एकीलाही जमत नाही. गडबड होते ती सिलेक्टर ऑटोवर नेल्यावर. मिनिटाला साडेसहाशेच्या पुढच्या वेगानं ३,३०० जूलच्या गोळ्या सुटू लागल्या की पहिली निशाणावर जाते, दुसरी त्याच्या वर आणि तिसरी आभाळात. हे नेमबाजाचं कसब कमी पडल्यामुळे होत नाही. सव्वाचार किलोच्या वस्तूला एवढा धक्का सेकंदात दहा-अकरा वेळा बसला तर ती दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात जागेवर परत येऊ शकत नाही. ब्रिटननं हे ओळखून आपल्या एल१ए१ मधून ऑटो काढूनच टाकलं आणि तिला ‘सेल्फ लोडिंग रायफल’ म्हटलं. भारताची १ए१ ही त्याच वळणाची, आणि एसएलआर हेच नाव तिला चिकटलं. अमेरिकेची एम१४ ही १९५७ साली स्वीकारलेली, ७.६२ × ५१ चीच. तिच्याही पुष्कळ नगांवर सिलेक्टर कुलूपबंद करून त्या शिपायांना दिल्या गेल्या. आमच्या मते तेच योग्य होतं.

एफएएलच्या तक्रारींतल्या निम्म्या गॅस रेग्युलेटरपाशी येऊन थांबतात, म्हणून त्याच्याकडे नीट बघायला हवं. नळीतून आलेल्या वायूचा काही भाग दट्ट्याला ढकलतो आणि उरलेला बाजूच्या छिद्रातून बाहेर सोडला जातो. ते छिद्र किती उघडं ठेवायचं हे रेग्युलेटरची कडी फिरवून ठरतं. जुळवणी अशी: आधी छिद्र पूर्ण उघडायचं, म्हणजे दट्ट्याला कमीत कमी वायू. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून फैर झाडायची. बोल्ट मागे अडकून राहिला नाही तर कडी एक खाच बंद करायची आणि पुन्हा एकच काडतूस. रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट भरवशानं मागे अडकू लागला की तिथून आणखी दोन खाचा बंद करायच्या. ही वरची दोन खाचांची सूट धूळ, थंडी आणि काजळीसाठी असते. वायू कमी पडला तर पुंगळी अर्धवट निघून अडकते किंवा पुढचं काडतूस उचललंच जात नाही. जास्त झाला तर पुंगळ्या लांब फेकल्या जातात, धक्का नाहक वाढतो आणि बोल्टचा वाहक मागच्या भिंतीवर आपटत राहतो. घाईत कडी पूर्ण बंद करून ‘आता चालते’ म्हणणारे लोक रायफलीचं आयुष्य कमी करत असतात.

दुसरी अडचण वाळूची. बोल्टचा वाहक रिसीव्हरमध्ये घट्ट मापात सरकतो. एल१ए१ च्या वाहकावर कडेनं तिरक्या खाचा कोरलेल्या दिसतात, त्या वाळूला सरकायला जागा मिळावी म्हणून. खाचा नसलेला वाहक वाळवंटात लवकर रुसतो. तिसरी गोष्ट जुन्या नगांची. बोल्ट ज्या आडव्या पट्टीला टेकून कुलूपबंद होतो, ती झिजली की हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) वाढतो. ही पट्टी वेगवेगळ्या जाडीत मिळते आणि गेज लावून योग्य जाडीची बसवतात. अंदाजपंचे बसवायची ही वस्तू नव्हे.

एसकेएस: काडतूस योग्य, बाकी दोन उत्तरं चुकीची

सोव्हिएत रचनाकार सिमोनोव्हच्या या रायफलीत काडतूस एकेएमचंच, ७.६२ × ३९. वजन ३.८५ किलो, नळी ५२० मिमी, त्यामुळे गोळीचा वेगही एकेएमपेक्षा थोडा जास्त, सेकंदाला ७३५ मीटर. तरीही ती असॉल्ट रायफल नाही. मॅगझिन दहा गोळ्यांचं आणि रायफलीलाच जोडलेलं. ते वरून, दहा काडतुसांच्या पट्टीनं भरायचं. आणि फैर एकेकच. तिची जागा सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइनच्या खणात, आणि तिथे ती फार चांगली आहे. यंत्रणा सरळ, नेम धरायला सोपी, धक्का सौम्य.

तिच्यातला एक दोष मात्र जिवावर बेतणारा आहे. बऱ्याच नगांत बोल्टमधली, काडतूस पेटवणारी फायरिंग पिन स्प्रिंगशिवाय मोकळी सरकते. साठवणीचं घट्ट ग्रीस बोल्टच्या आत वाळलं तर पिन पुढे आलेल्या जागीच चिकटते, आणि बोल्ट बंद होताच चाप न ओढता गोळी सुटते. कधी एक, कधी पूर्ण मॅगझिन. साठवणीतून काढलेल्या एसकेएसचा बोल्ट उघडून आतलं ग्रीस द्रावकानं पूर्ण काढल्याशिवाय ती भरू नये. बोल्ट कानाशी हलवला की पिन खुळखुळली पाहिजे. खुळखुळली नाही तर पुन्हा साफ करा. अशा आपोआप सुटलेल्या फैरींमुळे कोणी तिला ऑटोमॅटिक म्हणत असेल तर ते चूक आहे. वर्ग यंत्रणेच्या रचनेवरून ठरतो, बिघाडावरून ठरत नाही.

अधिकृत नावांवर किती विसंबायचं, तेही एसकेएसच्या चिनी भावंडावरून कळतं. चीननं एसकेएसच्या नकलेला टाइप ५६ म्हटलं, सोव्हिएत एके-४७ च्या नकलेलाही टाइप ५६, आणि आरपीडी मशीनगनच्या नकलेलाही टाइप ५६. एकेची नक्कल तर चिनी यादीत सबमशीनगन म्हणून नोंदली गेली, कारण ती पथकात सबमशीनगनची जागा घेणार होती. म्हणजे सैन्य नाव देताना अनेकदा काम बघतं, यंत्रणा बघत नाही. परीक्षण करणाऱ्यानं दोन्ही बघावं आणि दोन्ही वेगळं लिहावं.

एकेएम: वर्गाची मोजपट्टी

चारही प्रश्नांना कुठलीही पळवाट न काढता उत्तर देणारी रायफल हवी असेल तर ती सोव्हिएत एकेएम, एके-४७ ची सुधारलेली आवृत्ती. जर्मन एसटीजी ४४ हिच्या आधीची, आणि वर्गाला नाव तिनंच दिलं. पण ती रिकामीच साडेचार किलोच्या वर होती. एके-४७ च्या बहुतेक नगांचा रिसीव्हर पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेला असे. १९५९ च्या एकेएममध्ये तो पत्र्याचा झाला आणि रिकामी रायफल ३.१ किलोवर आली. भरलेलं पोलादी मॅगझिन ८०० ग्रॅमच्या थोडं वर जातं. मिनिटाला ६०० चा वेग आणि २,००० जूलची गोळी या जोडीमुळे तीन-चार गोळ्यांची छोटी फैर जवळच्या निशाणावर ठेवता येते. एफएएलमध्ये जे जमत नाही ते इथे जमतं, आणि याच कारणासाठी हा वर्ग वेगळा मानायचा.

सिलेक्टर जवळून बघण्यासारखा आहे. उजव्या बाजूचा लांब पत्र्याचा खटका वर असतो तेव्हा चाप अडतो, आणि बोल्टचा दांडा ज्या फटीतून सरकतो ती फटही झाकली जाते. आत धूळ जात नाही आणि बोल्ट पूर्ण मागे ओढताही येत नाही. खाली ढकलला की पहिला टप्पा ऑटो, शेवटचा टप्पा एकेक गोळी. यामागचा विचार असा की घाबरलेला शिपाई खटका जोरानं पूर्ण खाली दाबेल आणि एकेक गोळीवर जाईल. मॅगझिन क्षणात रिकामं होणार नाही. त्रास दोन आहेत. खटका वाजतो, शांत जागी बराच दूर ऐकू जातो. आणि तो हलवायला उजवा हात मुठीवरून काढावा लागतो. इतकी वर्षं गेली तरी हा दोष मूळ रचनेत तसाच आहे आणि त्याचे गुण कापलेच पाहिजेत.

मॅगझिन बसवताना पुढचा आकडा आधी अडकवायचा, मग मागची बाजू झुलवून खटक्यात बसवायची. सरळ वर दाबलं तर बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच फैरीला खाली पडतं. बसवल्यावर एकदा खाली ओढून बघायची सवय हवी. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकत नाही, त्यामुळे रायफल रिकामी झाल्याचं कळतं ते चाप ओढल्यावर आलेल्या ‘टक’ आवाजानं. अचूकतेत ती मध्यम. चांगल्या नगाचा गट १०० मीटरवर १० सेंटिमीटरच्या आसपास असतो. नेमाच्या पट्टीवर १,००० मीटरपर्यंत आकडे कोरलेले आहेत, पण त्यांना पल्ला समजू नये. माणसाएवढ्या एकट्या निशाणासाठी तीनशे मीटर ही प्रामाणिक मर्यादा.

जुन्या ७.६२ × ३९ काडतुसांतल्या पुष्कळांचं प्रायमर (दारू पेटवणारी तळाची टोपी) क्षार सोडणारं असतं. नळीला क्रोमचा थर असला तरी दट्ट्या, गॅस नळी आणि नळीचं तोंड यांच्यावर एका रात्रीत गंज दिसू शकतो. तेल क्षार विरघळवत नाही. आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडं करणं, मग तेल. हा क्रम उलटा केला की गंज तेलाखालीच वाढतो.

एम१६: वर्ग बरोबर, सुरुवात वाईट

अमेरिकेची एम१६ ए१ ही असॉल्ट रायफल आहे, याबद्दल वाद नाही. रिकामी तीन किलोच्या आसपास, नळी ५०८ मिमी, गोळी साडेतीन ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ९९० मीटर. मोठा फायदा ओझ्याचा. ५.५६ ची शंभर काडतुसं साधारण १.२ किलो भरतात, ७.६२ × ५१ ची २.४ किलो. त्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. धक्का इतका कमी की नेमबाज दुर्बिणीतून आपलीच गोळी कुठे लागली ते बघू शकतो.

व्हिएतनाममध्ये तिची जी बदनामी झाली, तिची कारणं नोंदलेली आहेत आणि ती नीट वेगळी करायला हवीत. काडतुसातली दारू बदलली गेली. नव्या दारूनं फैरींचा वेग वाढला आणि काजळी जास्त धरू लागली. चेंबरला क्रोमचा थर नव्हता, दमट हवेत तिथे गंजाचे खड्डे पडत आणि पुंगळी चिकटून बसे. आणि रायफल साफ करावी लागत नाही अशा समजुतीनं पुष्कळ शिपायांना साफसफाईचं साहित्यच मिळालं नव्हतं. चेंबरला क्रोम, नवा बफर (मागे येणाऱ्या वाहकाचा धक्का झेलणारा भाग) आणि साहित्यासोबत शिकवणी मिळाल्यावर तक्रारी झपाट्यानं उतरल्या. वायू थेट बोल्टच्या वाहकात सोडण्याची तिची पद्धत ही काजळी वाढवते, पण रायफल थांबते ती बहुधा कोरडी पडल्यावर. बोल्ट आणि वाहक ओले राहिले तर काजळी मऊ राहते. थोडंच तेल लावणं ही इथली सर्रास चूक.

बोल्ट जोडताना कॅम पिन (बोल्टला फिरवून कुलूपबंद करणारी खुंटी) विसरणं ही दुसरी चूक, आणि ही घातक. पिनशिवायही भाग एकमेकांत बसतात आणि फैर झाडता येते, पण बोल्ट कुलूपबंद न होताच. रायफल फुटते. जोडणीनंतर बोल्टचं डोकं पुढे ओढून ते फिरतंय का ते बघा.

एम१६ ए२ मध्ये ऑटोच्या जागी तीन गोळ्यांचा बर्स्ट आला. दोन पर्याय असल्यामुळे वर्ग तोच राहतो. भारताची इन्सास रायफलही ऑटोऐवजी बर्स्ट असूनही याच वर्गात आहे. पण ए२ चा बर्स्ट आम्हाला पटलेला नाही. त्यातलं दातेरी चाक चाप सोडल्यावर शून्यावर येत नाही. दोन गोळ्यांनंतर चाप सोडला तर पुढच्या खेपेला एकच गोळी सुटते. शिवाय त्याच चाकामुळे एकेक गोळीवर असतानाही चापाची ओढ दर वेळी थोडी बदलते, आणि नेमबाजीत ते खटकतं. तिच्या आखूड भावंडात, एम४ ए१ मध्ये, पुन्हा पूर्ण ऑटो आलं, ते बरंच झालं.

याच घराण्याची नागरी एआर-१५ फक्त एकेक गोळी झाडते, म्हणून ती असॉल्ट रायफल नाही, दिसायला कितीही सारखी असो. अमेरिकेत १९९४ साली झालेल्या कायद्यात ‘असॉल्ट वेपन’ ही वेगळी संज्ञा होती. तिच्यात पिस्तुली मूठ, घडीचा दस्ता, संगिनीची खाच अशा बाह्य गोष्टी मोजल्या जात. तो कायदा २००४ साली संपला, गोंधळ मात्र अजून चालू आहे. कायद्याची संज्ञा आणि लष्करी वर्ग यांची मोजमापं वेगळी, एकाच्या जागी दुसरी वापरू नये.

वर्ग नसलेली नावं

कार्बाइन म्हणजे मूळ रायफलीची आखूड आवृत्ती. एम४ ची नळी ३६८ मिमी आहे, काडतूस आणि सिलेक्टर तेच, म्हणून ती कार्बाइन आणि असॉल्ट रायफल दोन्ही आहे. आखूड नळीची किंमत मात्र मोजावी लागते. गोळीचा वेग उतरतो आणि वायूचं छिद्र चेंबरच्या जवळ आल्यामुळे बोल्ट लवकर आणि जोरात उघडतो. पुंगळी अजून चेंबरच्या भिंतीला धरून असतानाच एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) तिला ओढायला लागतो. एम४ मध्ये एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग ताठ आणि बफर जड हवा, तो यासाठी. बुलपप ही नुसती मांडणी: यंत्रणा मुठीच्या मागे. स्टायर एयूजी, फामास, एल८५ या बुलपप असल्या तरी वर्गानं असॉल्ट रायफलीच.

डीएमआर (पथकातल्या निवडक नेमबाजाची रायफल) आणि स्नायपर हे कामावरून पडलेले भाग. १९६३ च्या ड्रागुनोव्ह एसव्हीडीला नावातच स्नायपर आहे, पण दहा गोळ्यांचं मॅगझिन, आपोआप भरणारी यंत्रणा आणि पथकासोबत राहून सहाशे मीटरच्या आसपास काम करणं बघता ती आजच्या भाषेत डीएमआर ठरते. बॅरेट एम८२ चं १२.७ × ९९ काडतूस मुळात मशीनगनचं, म्हणून तिची गणना अँटी-मटेरिअल (वाहनं आणि सामग्रीवर चालवायच्या) रायफलींत. अमेरिकी मरीन्सची एम२७ आधी ‘इन्फन्ट्री ऑटोमॅटिक रायफल’ म्हणून घेतली गेली आणि पुढे तीच साध्या रायफलमनच्या हाती गेली. एकही स्क्रू न बदलता तिचं काम बदललं. यंत्रणेच्या हिशेबात ती पहिल्यापासून असॉल्ट रायफल होती.

आणि एम७

२०२२ साली अमेरिकी लष्करानं निवडलेली सिग सॉअरची एक्सएम७, आताची एम७, आजच्या वादाचा विषय आहे. सिलेक्टर आहे, सुटं मॅगझिन आहे, नळी आखूड, बांधणी एम४ च्या वळणाची आणि तिची जागा घेण्यासाठीच निवडलेली. कामावरून बघितलं तर असॉल्ट रायफल. पण काडतूस ६.८ × ५१, पोलादी तळ आणि पितळी अंग जोडलेल्या पुंगळीचं. पुंगळीच्या त्या पोलादी तळामुळे नेहमीच्या पितळेला न झेपणारा दाब ते सहन करतं, आणि ताकदीत ते ७.६२ × ५१ च्या घरातलं आहे. सायलेन्सरशिवाय रायफल ३.८ किलोच्या आसपास, सायलेन्सरसकट साडेचारच्या जवळ. एम४ बाळगणारा शिपाई ३० च्या सात मॅगझिनांत २१० गोळ्या नेतो, एम७ बाळगणारा २० च्या सात मॅगझिनांत १४०.

लांब पल्ला आणि चिलखत भेदण्याची ताकद हवी असेल तर ही देवघेव समजण्यासारखी आहे. सायलेन्सर आणि चांगल्या बफरमुळे तिचा धक्का एफएएलपेक्षा आटोक्यात येतो, हेही खरं. तरी पहिल्याच प्रश्नाला तिचं उत्तर ‘पूर्ण ताकदीचं काडतूस’ हेच आहे, आणि कमी गोळ्या, जड दारूगोळा, ऑटोवर आखडता हात हे सगळं त्यामागोमाग आलं आहे. आमच्या खात्यात तिची नोंद बॅटल रायफल अशीच राहील, आणि तिची तुलना एम४ शी करण्यापेक्षा एम१४ शी करावी.